जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका



आठवडी बाजार करणाऱ्या आपल्या कित्येक बांधवांचे दुकान चार भिंतींत नसते, चाकांवर असते. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीचा माल घ्यायचा, टेम्पोवर बंद बॉडी बांधून आत दोन्ही बाजूंना फळ्या ठोकायच्या, मागचा दरवाजा उघडला की दुकान सुरू. बाजार लांबचा असला तर रात्री त्यातच सतरंजी टाकून झोपायचे. दुकान, गोदाम आणि मुसाफिरखाना असे तिन्ही त्या एका गाडीत. अशा गाडीच्या कापडाचा भाव आम्हाला तोंडपाठ असतो. पण तिच्या खाली शिरून काम करणारा माणूस कशाच्या आधारावर शिरतो, याचा विचार आपण सहसा करत नाही. ते मिस्त्रीचे काम, असे म्हणून आपण चहा प्यायला जातो. मीही जात असे.

काही वर्षांपूर्वी नांदगावहून चाळीसगावकडे जाताना माझ्या गाडीचा मागचा डावा पाटा तुटला. बाजाराचा दिवस होता. गाडीत पंचवीस गठ्ठे होते. जवळच्या वस्तीवरून एक मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आला. मिस्त्रीने पहिला प्रश्न केला, "शेठ, माल उतरवून घ्यायचा का?" मी म्हणालो, "उस्ताद, माल उतरवला तर बाजार गेला. असेच होते का बघा." मिस्त्रीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि जॅक काढला. रस्त्याच्या कडेची माती भुसभुशीत, म्हणून जॅकखाली एक चपटा दगड ठेवला. गाडी वर घेतली, डावीकडची दोन्ही चाके काढली, मुलगा आत शिरला. नट गंजलेले होते. पान्याला लावायला पाइप हवा म्हणून तो बाहेर आला, आणि तो उभा राहून पाइप उचलतो न उचलतो तोच दगड कलला, जॅक तिरपा होऊन उडाला आणि गाडी खाली बसली. ब्रेकचा ड्रम मातीत चार बोटे रुतला. मुलाची एक चप्पल आतच राहिली होती, ती चासीखाली दबलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली. अल्लाहची कृपा म्हणून आत पाय नव्हता. त्यानंतर मी स्वतः खाली उतरून माल उतरवला. हमाल नव्हते, तरी पाऊण तास लागला. तेवढाच वेळ मला आधी द्यायचा नव्हता.

चूक मिस्त्रीची होतीच, पण पहिली चूक माझी होती. तेव्हापासून जाणत्या गॅरेजवाल्यांना विचारून, उभे राहून पाहून जे समजले ते येथे मांडतो. हे मिस्त्री मंडळींना शिकवण्यासाठी नाही, त्यातले बरेचसे त्यांना ठाऊक आहे. गाडीमालकाने काय पाहावे आणि कशासाठी थांबावे, हे त्याला कळले तर मिस्त्रीलाही नीट काम करता येते.

प्रथम वजनाचा हिशोब. आपण कापडाला हलके समजतो. पण साठ किलोचा एक गठ्ठा धरला तर पंचवीस गठ्ठ्यांचे दीड टन होतात. शिवाय बंद बॉडीचे लोखंड, पत्रा, फळ्या, वरची ताडपत्री. गाडीच्या आरसी बुकात रिकाम्या गाडीचे वजन व भरल्या गाडीचे वजन लिहिलेले असते. बॉडी नंतर वाढवली असेल तर खरे वजन त्याहून जास्त निघते, म्हणून एकदा काट्यावर घालून बघावे. दुसरी गोष्ट अशी की फळ्यांवरचा माल उंचावर असतो. एका बाजूचे चाक वर उचलले की गाडी दुसऱ्या बाजूला कलते, आणि वरच्या फळीवरची थाने सरकली तर तिचा तोल आणखी जातो. मागच्या चाकांच्या पाठीमागे बॉडी लांब काढलेली असेल तर तिकडचे वजन तराजूच्या दांडीसारखे मागे ओढते. म्हणून बाहेरून सारखी दिसणारी दोन वाहने जॅकवर सारखी वागत नाहीत. माल उतरवणे हाच पहिला बंदोबस्त. सगळा उतरवणे शक्यच नसेल तर निदान वरच्या फळ्या रिकाम्या कराव्यात, आणि अशा अर्धवट रिकाम्या गाडीचे फक्त चाक बदलावे, तिच्याखाली शिरू नये.

आता जॅक. टेम्पोबरोबर बहुधा बाटली जॅक येतो, म्हणजे तेलाचा. त्याची करामत साधी आहे. हँडलने आपण एक बारीक दट्ट्या खालीवर करतो, तो तेल दाबून मोठ्या दट्ट्याखाली ढकलतो. बारीक दट्ट्या अर्ध्या इंचाचा आणि मोठा दोन इंचांचा असेल तर क्षेत्रफळ सोळापट होते, म्हणजे जोरही सोळापट. लांब हँडलमुळे तो आणखी कित्येक पट वाढतो. म्हणून एक माणूस दोन टन उचलू शकतो. पण वर गेलेले हे दोन टन कशावर उभे असतात? तेलावर. ते तेल कोण अडवून धरते? एक रबरी कडी, आणि मागे येणारे तेल रोखणारा हरभऱ्याएवढा छर्रा. रबर जुने झाले, छर्ऱ्याखाली धुळीचा कण अडकला, की तेल मागे जाते आणि जॅक उतरू लागतो. कधी इतका हळू उतरतो की डोळ्याला कळत नाही, कधी एकदम. शिवाय तेल सोडण्याचा जो स्क्रू असतो तो पायाच्या धक्क्यानेही फिरू शकतो. आटे असलेला स्क्रू जॅक असा उतरत नाही, हे खरे. पण त्याचीही बैठक अरुंद, उंची जास्त, बाजूने धक्का बसला की तोही आडवा होतो. मोटारकारबरोबर येणारा घडीचा जॅक तर टेम्पोच्या कामाचाच नाही. गॅरेजातला चाकांचा ट्रॉली जॅक चांगला, पण तो सिमेंटच्या सपाट फरशीवर, कारण वजन घेताना तो थोडा पुढे सरकावा लागतो. मातीत त्याची चाके रुततात व सगळा जोर तिरपा लागतो.

जॅक कोणताही असो, कंपनी मोठी असो की छोटी, तो उचलण्याचे हत्यार आहे. धरून ठेवण्याचे नव्हे. उचलल्यावर वजन दुसऱ्या कशावर तरी बसवायचे आणि मगच माणसाने खाली जायचे. हा एकच नियम पाळला असता तर त्या दिवशी जॅक उडूनही काही बिघडले नसते.

उचलण्याआधी जमीन पाहावी. काळ्या मातीत पावसानंतर जॅक आत जातो, हे सर्वांना माहीत आहे. पण मे महिन्यात डांबरी रस्ताही मऊ होतो, हे लक्षात येत नाही. याचाही हिशोब करून पाहू. जॅकची बैठक चार इंच बाय चार इंच, म्हणजे सोळा चौरस इंच. तिच्यावर दोन हजार किलो आले तर दर चौरस इंचावर सव्वाशे किलो पडले. त्याखाली दीड फूट बाय दीड फुटाची, दोन इंच जाडीची सागाची किंवा बाभळीची फळी टाकली तर ते वजन तीनशे चोवीस चौरस इंचांवर वाटले जाते. दर चौरस इंचावर सुमारे सहा किलो. सव्वाशे कोठे आणि सहा कोठे. एवढ्या एका फळीसाठी कोणी सुताराकडे जात नाही आणि दगड शोधत फिरतो. दगड सपाट दिसला तरी त्याचा तळ गोल असतो.

विटा आणि सिमेंटचे ब्लॉक यांच्याबद्दल खास सांगतो, कारण हे रोज दिसते. चाक काढून गाडी विटांच्या थप्पीवर टेकवायची आणि खाली शिरायचे. वीट सारख्या दाबाखाली वजन पेलते, पण एका कोपऱ्यावर दाब आला की न सांगता फुटते, आणि एक फुटली की सगळी थप्पी जाते. पोकळ सिमेंट ब्लॉक तर आणखी वाईट. लाकडाचे तसे नाही. लाकूड आधी दबते, चिरकते, आवाज करते, माणसाला सूचना देते. जुने रेल्वे स्लीपर लाकडाच्या वखारीत मिळाले तर त्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे करून घ्यावेत. ते रचताना एक थर आडवा व त्यावरचा उभा असा रचावा. आपण गोदामात गठ्ठ्यांची थप्पी लावताना हेच करतो, सगळे गठ्ठे एकाच दिशेला लावले तर थप्पी ढासळते, हे हमालालाही ठाऊक असते. थप्पीची उंची तिच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ देऊ नये.

यानंतर चाके अडवणे. येथे एक मोठा गैरसमज आहे, तो जरा सविस्तर सांगतो. बहुतेक जण म्हणतात, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली, आता कोठे जाणार? पण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागचा भाग उचलला की ज्या चाकांना ब्रेक आहे ती हवेत आणि जी जमिनीवर आहेत ती मोकळी. काही गाड्यांत हँडब्रेक चाकांना नसून गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. त्यात आणखी गंमत आहे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो गोल डबा असतो, ज्याला आपण डिफ्रेन्शियल म्हणतो, त्याचे काम असे की वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त व आतल्याला कमी फिरू द्यावे. त्यामुळे शाफ्ट घट्ट धरून ठेवला तरी एक चाक पुढे फिरले की दुसरे तितकेच मागे फिरू शकते. दोन्ही मागची चाके वर असताना गाडी गिअरमध्ये ठेवून एक चाक हाताने फिरवून बघा, दुसरे उलटे फिरेल. आता एकच चाक हवेत घ्या. हवेतले चाक उलटे फिरायला मोकळे आहे, म्हणून जमिनीवरचे चाक गडगडायलाही मोकळे आहे. गिअर आणि शाफ्टवरचा ब्रेक दोन्ही लागलेले असूनही गाडी चालू लागते. चार टन गाडी वीस फुटांना एक फूट इतक्या बारीक उतारावर असली तरी दोनशे किलोच्या जोराने खाली ओढते. जॅकचे डोके एवढे ओढणे सहन करायला बनवलेले नसते, ते वर-खाली वजनासाठी असते.

म्हणून जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी लावावी. उटी म्हणजे लाकडाचा तिरपा ठोकळा, टायरच्या उंचीच्या निदान चौथाई भागाइतका. रस्त्यावरचा गोटा चालणार नाही, टायर त्यावर चढून जातो किंवा तो टायरबरोबर घरंगळतो. उतारावर, घाटात, वळणावर चाक बदलण्यापलीकडे काहीही करू नये. औट्रम घाटात गाडी बिघडली तर ओढून खाली सपाटीला आणावी, खर्च होईल तो होऊ द्यावा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत, वर घेतल्यावर पान्यावर उभे राहून उड्या मारू नयेत. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. ते न कळल्यामुळे लोक घट्ट नट आणखी घट्ट करत बसतात आणि गाडी हलवतात.

जॅक कोठे लावावा? मागे लावायचा तर अॅक्सलच्या जाड नळीखाली, पाट्याच्या जवळ. डिफ्रेन्शियलच्या डब्याच्या पातळ झाकणाखाली नाही, इंजिनच्या तेलाच्या पेटीखाली तर मुळीच नाही. पुढे बीम अॅक्सल असेल तर त्याच्याखाली, तेही पाट्याच्या जवळच. लोखंडावर लोखंड घसरते आणि मध्ये ग्रीस असेल तर विचारायलाच नको. ती जागा आधी चिंधीने पुसून घ्यावी. चिंध्यांची आपल्याकडे कमतरता नाही.

पाट्यांच्या कामात मात्र एक वेगळी गोष्ट आहे. पाटे काढायचे म्हणजे अॅक्सल आणि चासी यांना जोडणारी वस्तूच काढायची. अॅक्सलखाली आधार दिला आणि यू-बोल्ट सोडले तर वरची चासी व बॉडी कशावर उभी राहणार? म्हणून या कामात मुख्य आधार चासीला हवा, पाट्याच्या ब्रॅकेटच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना. जॅक मग अॅक्सलखाली फक्त तो वर-खाली जुळवण्यापुरता. माझ्या गाडीला त्या दिवशी चासीखाली एकटा जॅक होता आणि काम पाट्याचे होते. म्हणजे सर्वात धोक्याचे काम आम्ही सर्वात कमी आधारावर करत होतो.

आधार म्हणजे काय, तर लोखंडी स्टँड. याला काही गॅरेजांत घोडी म्हणतात. चार पाय, मधोमध वर-खाली होणारा खांब आणि त्याला अडवणारी पिन किंवा दाते. हे नेहमी जोडीने लावावे, एक डावीकडे व एक उजवीकडे, सारख्या उंचीवर. विकत घेताना त्यावर किती टन लिहिले आहे ते वाचावे, आणि ते एका स्टँडचे की जोडीचे, हेही विचारावे, कारण बऱ्याच वेळा जोडीचा आकडा लिहिलेला असतो. या जोडीची किंमत गाडीच्या एका नव्या टायरपेक्षा कमी असते. आपल्यात वेल्डिंगचे काम करणारे कारागीर पुष्कळ आहेत आणि स्टँड करून देणारेही आहेत. त्यांना एवढेच सांगणे की पाय बाहेरच्या बाजूला पसरलेले असावेत, खाली पत्र्याची बैठक असावी म्हणजे पाय जमिनीत घुसणार नाहीत, आणि पिन म्हणून पोलादी बोल्टच वापरावा, बांधकामाच्या सळईचा तुकडा नको. तयार झाल्यावर मालकाच्या हातात देण्याआधी भरलेली गाडी त्यावर टेकवून रात्रभर ठेवावी, खाली कोणीही न जाता. सकाळी प्रत्येक वेल्डिंग पाहावे. ज्या कारागिराला ही परीक्षा नको असेल त्याच्याकडून हे सामान घेऊ नये.

स्टँड लावल्यावर जॅक सावकाश सोडावा म्हणजे सगळे वजन स्टँडवर बसेल. मग दोघांनी बाहेर उभे राहून गाडीला बाजूने जोर लावून हलवून बघावे. डुलली, कुरकुरली, स्टँडचा एक पाय उचलला गेला, तर पुन्हा वर घ्यावी व नीट बसवावी. ती पडायचीच असेल तर या वेळी पडावी. त्यानंतर जॅक पुन्हा नुसता टेकेल इतका वर आणून जागीच राहू द्यावा, आणि काढलेले चाक चासीखाली आडवे सरकवून ठेवावे. स्टँड गेलाच तर गाडी त्या चाकावर येते, माणसापुरती जागा उरते. चाक आधीच काढलेले असते, त्याला पैसे पडत नाहीत.

इंजिनची चावी खाली काम करणाऱ्याच्या खिशात असावी. गाडीत कोणी बसू नये, चढू नये. हे आपल्या धंद्यात फार महत्त्वाचे आहे, कारण बाजारात गाडी स्टँडवर असतानाही गिऱ्हाईक येते, वरच्या फळीवरची साडी दाखवा म्हणते, आणि आपला नोकर सवयीने टपकन आत चढतो. मी दोरी बांधून मागचा दरवाजाच बंद करतो. खाली माणूस असताना बाहेर दुसरा माणूस हवाच, आणि त्याच्याजवळ दुसरा जॅक हवा. कारण गाडी बसली तर पहिला जॅक तिच्याखालीच अडकलेला असतो. तसा प्रसंग आलाच तर आरडाओरडा करून दहा माणसांनी गाडी हाताने उचलायला जाऊ नये, उचलता उचलता हात सुटतो. दुसऱ्या जॅकने उचलावे, बोटभर उचलली की बोटभर लाकूड सारावे, आणि एकाने त्याच वेळी १०८ क्रमांकाला फोन लावावा. माणूस किती वेळ दबून होता, हे डॉक्टरांना नक्की सांगावे. वरून जखम दिसत नसली तरी दबलेल्या अंगाचा परिणाम नंतर होतो.

हल्ली नव्या तऱ्हेच्या गाड्या येऊ लागल्या आहेत, त्याबद्दलही दोन शब्द. परदेशात लोक राहण्यासाठी घरासारखी बॉडी बांधलेल्या गाड्या वापरतात. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा बॉडी बांधणाऱ्या कारागिरांकडे असे काम येऊ शकते. या गाड्यांपैकी काहींना चार कोपऱ्यांना तेलाचे किंवा विजेचे पाय असतात. बटण दाबले की ते खाली येतात. पाहणाऱ्याला वाटते, हे तर आपोआप स्टँड झाले. तसे नाही. उभी असताना गाडीची फरशी सपाट राहावी, पलंग व चूल कलू नये, एवढ्यासाठी ते असतात, आणि त्यावर गाडी उचलून खाली शिरू नका असे ते बनवणारेच लिहून देतात. त्यांच्यातही तेच तेल व तेच रबर. काही मोठ्या गाड्या व बस पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर बसवलेल्या असतात. फुग्यातील हवा गेली की चासी एकदम खाली बसते, जॅक न लावताही. तिच्याखाली नुसते डोकावायचे असेल तरी चासीला आधी आधार द्यावा.

आता पैशाची व जबाबदारीची बाजू. कामावर असताना नोकर जखमी झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते घेतलेले आहे. आपला ड्रायव्हर किंवा क्लीनर आपल्या सांगण्यावरून आपल्या गाडीखाली शिरला, तर गॅरेजवाल्याकडे बोट दाखवता येणार नाही. विमा घेताना पॉलिसीत हे लोक धरले आहेत का, हे एजंटाला स्पष्ट विचारून घ्यावे. दुसरे असे की, आपल्या गॅरेजांत बारीक अंगाचा मुलगा फटीत मावतो म्हणून त्यालाच खाली पाठवण्याची रीत पडलेली आहे. ज्या फटीत फक्त मूलच मावते, ती गाडी पुरेशी उचललेलीच नाही. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाल्यापासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात नोकरीवर ठेवता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या उस्तादाकडे मूल हुनर शिकायला पाठवले त्याने त्याला पहिल्या दिवशी पाना नव्हे, स्टँड लावायला शिकवावे.

गाडी दुरुस्तीला नेली की मी आता आधी स्टँड कोठे आहेत ते बघतो. नसतील तर माझे काढून देतो. गाडीत चालकाच्या सीटमागे दोन स्टँड, दोन फळ्या, चार उट्या आणि स्लीपरचे सहा तुकडे असतात. त्या जागेत दोन गठ्ठे कमी बसतात. सुरुवातीला एका मिस्त्रीला राग आला, त्याला वाटले शेठ भरवसा ठेवत नाही. पुढच्या खेपेला त्यानेच विचारले, "शेठ, हे कोठून करून घेतले?" मी त्याला वेल्डरचा पत्ता दिला.

काम झाल्यावर उतरवण्याचीही रीत आहे. प्रथम हत्यारे मोजून बाहेर घ्यावीत, माणूस बाहेर आला का ते नावाने हाक मारून पाहावे. मग चाक चढवून नट हाताने बसवावेत, जॅकने किंचित उचलून दोन्ही स्टँड काढावेत, आणि तेल सोडण्याचा स्क्रू पाव आट्याएवढाच फिरवून गाडी सावकाश खाली घ्यावी. नट जमिनीवर आल्यावर समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून पुन्हा एकदा. उट्या सगळ्यात शेवटी काढाव्यात.